सुरतेची वाट

व्यापार म्हटला की गादी, तराजू, चोपडी आणि हिशेबात गढलेला शेटजी ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु तराजूत पडणारा माल कोठून तरी आलेला असतो, आणि त्या मालाच्या पुढे किंवा मागे कोणी तरी माणूस चाललेला असतो. व्यापाराचा इतिहास लिहिताना आयात-निर्यातीचे आकडे मांडले जातात, बादशहांच्या सनदांचा विचार होतो, वखारींची हकीकत सांगितली जाते. त्या चालणाऱ्या माणसाला वाटेत पाणी मिळाले काय, रात्री निवारा मिळाला काय, आणि तो सुखरूप घरी परतला काय, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ती करावयाची तर सुरतेइतके योग्य ठिकाण हिंदुस्थानात दुसरे मिळणे कठीण. तीनचार शतके या शहराने माणसांना व्यापारासाठी घराबाहेर काढले, आणि आजही ते काढीतच आहे.

सुरत वसली आहे तापीच्या डाव्या तीरावर, समुद्रापासून काही कोस आत. १५७३ मध्ये अकबराने ती जिंकून घेतल्यावर मोगल साम्राज्याचा पश्चिमेकडचा दरवाजा म्हणून तिचे महत्त्व वाढत गेले. मक्केचे यात्रेकरू येथूनच गलबतांवर चढत. आग्ऱ्याची नीळ, बऱ्हाणपूरचे कापड, गुजरातेतील सुती माल येथूनच तांबड्या समुद्राकडे आणि इराणच्या आखाताकडे जाई. मोठी जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगरत आणि तेथून माल शहरात आणावा लागे. हा सारा उद्योग वाऱ्याच्या लहरीवर चाले. पावसाळा संपला की बंदर जागे होई, आणि वैशाखाचे ऊन सरण्यापूर्वी निघावयाचे ते निघून जाई. मोखा बंदराकडे जाणारा व्यापारी फाल्गुन-चैत्रात निघे तो श्रावण-भाद्रपदात परते. परतीचा वारा चुकला तर परक्या बंदरात पुढच्या वाऱ्याची वाट पाहत बसणे नशिबी येई. मुद्दल अडकून पडे, व्याज चढत राही, आणि घरची माणसे बंदरावर येणाऱ्या प्रत्येक शिडाकडे डोळे लावून बसत.

जहाजातून उतरणाऱ्याची पहिली गाठ पडे ती जकातीच्या चौकीशी. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून आलेल्या सर टॉमस रो याचा पहिला तंटा याच चौकीवरून झाला. आपली आणि आपल्या माणसांची झडती घेतली जाऊ नये, असा त्याचा आग्रह होता, आणि सुरतेचा सुभेदार तो सहजी मानावयास तयार नव्हता. राजाच्या वकिलाची ही गत, तर साध्या व्यापाऱ्याची कथा काय? १६६६ च्या जानेवारीत आलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने या झडतीचे सविस्तर वर्णन केले आहे. उतारूंना एकेकाला आत बोलावीत आणि पागोटे, कमरबंद, जोडे, मोजे, सारे उतरवून तपाशीत. या कठोरपणाचे कारणही उघड होते. सोने, मोती, हिरे या वस्तू लहान, त्यांची किंमत मोठी, आणि त्या लपविण्याच्या युक्त्या अनंत. जकातदाराचा संशय आणि व्यापाऱ्याची चतुराई यांची ही झुंज होती. प्रामाणिक माणूसही तीत सारखाच भरडला जाई.

चौकीतून सुटका झाल्यावर प्रश्न येई उतरण्याच्या जागेचा. जहाजांच्या मोसमात शहर इतके गजबजे की चांगले बिऱ्हाड मिळणे दुरापास्त होई, आणि पुरेसुद्धा माणसांनी भरून जात, असे तेव्हनोच सांगतो. अशा वाटसरूंसाठी शाहजहानच्या कारकीर्दीत, १६४४ मध्ये, हकीकतखान या अंमलदाराने सुरतेत एक भव्य सराई बांधली. ती मुगलीसरा या नावाने आजही उभी आहे आणि नगरपालिकेचा कारभार एकोणिसाव्या शतकापासून तेथून चालत आला आहे. एका काळी जेथे उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरवून माणसे अंग टाकीत, तेथे पुढे कारकुनांची मेजे आली.

सुरतेहून उत्तरेकडे जाण्याचे दोन मार्ग होते. एक अहमदाबादवरून आणि दुसरा बऱ्हाणपूरवरून. यांपैकी दुसरा मार्ग मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा, कारण तो बराचसा खानदेशातून जात असे. जाँ बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने या मार्गावरचे मुक्काम क्रमाने नोंदवून ठेवले आहेत. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. उच्चार त्याच्या फ्रेंच कानाने वेडेवाकडे टिपले असले तरी गावे ओळखू येतात. नवापूरच्या तांदळाची त्याने फार स्तुती केली आहे. दाणा बारीक आणि त्याला कस्तुरीसारखा सुगंध. इराणात कोणास नजराणा पाठवावयाचा झाला तर या तांदळाचे पोते पाठवीत, असेही तो लिहितो. दिवसभर धूळ खाल्लेल्या प्रवाशाला संध्याकाळी असा भात पानात पडला की वाटेचे श्रम क्षणभर विसरत असतील, यात शंका नाही.

ताव्हेर्निये हा फिरत्या व्यापाऱ्याचा उत्तम नमुना होय. १६०५ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या या माणसाने पूर्वेकडे सहा मोठे प्रवास केले आणि सुरतेच्या बंदरात तो पुनःपुन्हा उतरला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने त्याच्याकडून हिरे विकत घेतले. दौलत आणि मानमरातब मिळूनही त्याचे पाय घरात ठरले नाहीत. १६८९ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, तो पुन्हा प्रवासाला निघाला आणि मॉस्को शहरी मरण पावला. त्याचे ग्रंथ वाचण्यासारखे आहेत ते त्यातील व्यवहारी तपशिलामुळे. दोन बैलांच्या छकड्याचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेहून आग्ऱ्यास जावयास ३५ ते ४० दिवस लागत आणि साऱ्या वाटेचे भाडे ४० ते ४५ रुपये पडे. गोवळकोंड्याला जाण्यासही जवळजवळ तितकाच खर्च येई. पालखी उचलणाऱ्या माणसाला महिन्याला चार रुपये. सन्मानाने प्रवास करू इच्छिणाऱ्याने धनुष्यबाण किंवा बंदुका बाळगणारी वीस-तीस माणसे बरोबर घ्यावीत, असा त्याचा सल्ला आहे.

हा खर्च भरूनही वाट आपली होत नसे. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांचे तांडे समोरून आले, आणि त्यांत दहा-बारा हजार बैल असले, की अरुंद रस्त्यावर छकडेवाल्याला बाजूस उभे राहून तांडा जाऊ देण्यावाचून गत्यंतर नसे. कधी कधी यात दोन-तीन दिवस मोडत. खडकाळ जमिनीवर बैलांच्या पायांना नाल ठोकावे लागत. थंडीवाऱ्याचे आणि दुखण्याचे तर ठरलेलेच होते. टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला, पंधरवड्यात बऱ्हाणपूरला पोचला, आणि तापाने इतका खंगला की अजमेरपर्यंतचा पुढचा प्रवास त्याने दुखणेकऱ्याच्या अवस्थेतच केला.

आणि वर्ष वाईट निघाले तर? १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर सुरतेहून आग्ऱ्यास निघाला. तो काळ गुजरात आणि दख्खनमधील भीषण दुष्काळाचा. रस्त्याच्या कडेला प्रेते पडलेली. नंदुरबारजवळ आपला लहानसा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा शोधणेही त्याला जड गेले. नफातोट्याचा हिशेब घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत काय पाहावे लागेल याचा अंदाज कोणत्याही वहीत मांडता येत नाही. मंडीचा प्रवास थांबला नाही. १६३१ च्या जानेवारीत तो आग्ऱ्यास पोचला आणि नीळ खरेदीच्या कामाला लागला. हा त्याचा निष्ठुरपणा म्हणावा की त्याच्या चाकरीची सक्ती, याचा निवाडा सोपा नाही.

चोरांचे भय हे तर प्रत्येक वाटेवरचे. त्यावर गुजरातने एक विलक्षण उपाय काढला होता. चारण आणि भाट या जातींच्या माणसांना प्रवासी मोल देऊन सोबत घेत. तेव्हनोने त्यांचे मोल दिवसाला दोन रुपये दिले आहे. हा सोबती तलवारीच्या जोरावर रक्षण करीत नसे. लुटारू आडवे आले की तो स्वतःच्या गळ्यास शस्त्र लावी आणि प्रवाशास हात लावाल तर माझे रक्त तुमच्या माथी, असे बजावी. त्याच्या मृत्यूचे पाप पत्करण्यापेक्षा लूट सोडलेली बरी, असे लुटारूंनाही वाटे. घरातल्या रुसव्याफुगव्याला मराठीत जो ‘त्रागा’ शब्द आज सर्रास वापरला जातो, त्याचे हे मूळचे उग्र रूप. तेव्हनोने मात्र अशी सोबत घेतली नाही. असे संरक्षण त्याला कमीपणाचे वाटले. परंतु ज्या देशात राजाचा शिपाई दर कोसावर नव्हता, तेथे माणसाच्या शब्दावर आणि पापभीरुतेवर रस्ते चालत होते, ही गोष्ट कमीपणाची मानण्याचे कारण नाही.

हाच शब्द कागदावर उतरला म्हणजे त्याची हुंडी होते. रोख रक्कम वाटेत नेणे म्हणजे चोराला आमंत्रण. म्हणून व्यापारी एका गावी पैसे भरी आणि दुसऱ्या गावी ते उचली. ताव्हेर्नियेने सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दर दिले आहेत. अहमदाबादहून शेकडा १ ते १½, बऱ्हाणपूरहून २½ ते ३, आग्ऱ्याहून ४¼ ते ५, लाहोरहून ६¼, आणि दूरच्या ढाक्याहून १०. हे आकडे नीट वाचले तर तो त्या काळच्या रस्त्यांचा नकाशाच आहे. वाट जितकी लांब आणि धोक्याची, तितकी हुंडावण जास्त. कोठे राजेरजवाड्यांचे युद्ध पेटले की दर वर चढे. हुंडीमुळे चांदीचा प्रवास वाचला. परंतु माणसाचा प्रवास वाचला नाही, कारण माल डोळ्यांनी पाहावा लागे, भाव तोंडाने ठरवावा लागे, आणि थकलेली बाकी उंबरठ्यावर जाऊन बसल्याखेरीज वसूल होत नसे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. सुरतेचा वीरजी व्होरा हा सतराव्या शतकातील जगातल्या अत्यंत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. इंग्रज आणि डच कंपन्या त्याच्या ऋणको होत्या. त्याचा व्यवहार आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा, कालिकत आणि समुद्रापलीकडे तांबड्या समुद्राच्या बंदरांपर्यंत पसरलेला होता. हा पसारा त्याच्या आडतियांच्या आणि गुमास्त्यांच्या पायांवर उभा होता. रो, मंडी, तेव्हनो, ताव्हेर्निये यांनी आपापली सुखदुःखे लिहून ठेवली म्हणून ती आपणांस कळतात. वीरजी व्होऱ्याच्या गुमास्त्याने तसे काही लिहिले असल्यास ते आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याचा ताप, त्याची उपासमार, मुलाच्या बारशाला न पोचता आल्याची त्याची खंत, या साऱ्यांची नोंद फार तर वहीत ‘वाटखर्च’ एवढ्या एका शब्दाने झाली असेल.

या मुक्या माणसाच्या मनात काय चालत असेल, याची थोडीशी कल्पना त्याच काळातील एका पुस्तकावरून येते. बनारसीदास हा जौनपूरचा जैन व्यापारी. १६४१ मध्ये त्याने ‘अर्धकथानक’ या नावाने स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. बापाने दिलेला माल घेऊन तो आग्ऱ्यास निघाला, तेव्हा वाटेत पावसाने गाठले. सराईत जागा नाही, गावात कोणी दार उघडीना. शेवटी एका चौकीदाराच्या झोपडीत आसरा मिळाला, तर तेथे दांडगा मालक उपटला. तो खाटेवर झोपला आणि याला व सोबत्यांना खाटेखाली पडावे लागले. आग्ऱ्यात व्यापार बुडाला, बरोबरचे जवाहीर हरवले, आणि पुढे कित्येक महिने एका कचोरीवाल्याच्या उधारीवर पोट भरावे लागले. तो कचोरीवाला भला माणूस होता. त्याने तगादा लावला नाही. बनारसीदास सुरतेचा नव्हता, पण सुरतेच्या वाटेवरही अशा खाटा आणि असे कचोरीवाले असलेच पाहिजेत.

सुरतेचे वैभव शिखरास पोचले असतानाच तिच्यावर संकटे आली. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. वीरजी व्होऱ्याची हवेली तीत गेली. महाराष्ट्राच्या इतिहासात स्वराज्याच्या उभारणीतील हा एक पराक्रमाचा प्रसंग होय. परंतु त्याच प्रसंगाला वाटसरूची म्हणूनही एक बाजू आहे. मुराद नावाचा एक आर्मेनियन व्यापारी हबसाणाच्या राजाचा वकील म्हणून औरंगजेबाकडे निघाला होता आणि नेमका तेव्हा सुरतेत उतरलेला होता. त्या धामधुमीत त्याचे बरेचसे सामान गेले आणि हाती उरली ती राजाची पत्रे व थोड्याफार वस्तू, असे बर्निये सांगतो. ज्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही तो परगावचा माणूसही अशा वेळी सापडतो. १६७० च्या ऑक्टोबरात दुसरी लूट झाली. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेचा व्यापारी अब्दुल गफूर याचे ‘फतेह महंमद’ आणि खुद्द बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ ही परतीच्या वाटेवरील जहाजे लुटली. वाऱ्याला तोंड देऊन घराच्या उंबरठ्याशी आलेले उतारू तेथे नाडले गेले. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले होतेच. अठराव्या शतकात हळूहळू पैसा आणि माणसे यांचा ओघ मुंबईकडे वळला. सुरतेची वाट पूर्वी दिल्ली-आग्ऱ्याकडे जाई, ती आता दक्षिणेकडे जाऊ लागली.

या नव्या वाटेला लोखंडी रूळ मिळाले ते १८६० च्या सुमारास. त्या वर्षी तापीपलीकडील उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत पहिली गाडी धावली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबई जोडली गेली. एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्यातूनही लोहमार्ग निघाला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडा, अमळनेर ही त्याची स्थानके पाहिली की ताव्हेर्नियेची यादीच पुन्हा वाचल्यासारखे वाटते. नवापूरचे स्थानक तर आज अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. बैलाच्या पावलांनी शोधलेली वाट इंजिनालाही सोडता आली नाही.

१९०६ मध्ये मुंबई-सुरत ‘फ्लाइंग राणी’ सुरू झाली. मधल्या काळात ती कधी बंद पडली, पुन्हा चालू झाली, आणि अखेर सुरतेहून पहाटे निघून संध्याकाळी मुंबईहून परतणारी गाडी म्हणून रूढ झाली. १९७९ मध्ये तिला दुमजली डबे जोडले गेले. २०२३ मध्ये ते काढून नव्या बनावटीचे डबे आले. सुरतेहून मुंबई सुमारे २६५ किलोमीटर. ताव्हेर्नियेच्या छकड्याला जे अंतर आठ-दहा दिवसांचे झाले असते, ते साडेचार-पाच तासांवर आले. परंतु प्रवास सोपा झाला की माणूस कमी फिरतो, हा समज खोटा ठरला. जो व्यापारी वर्षातून एकदा जात असे तो आठवड्यातून तीनदा जाऊ लागला. पूर्वी निरोप घेताना घरची माणसे रडत असत. आता निरोपच उरला नाही, कारण मुले उठण्यापूर्वी बाप निघालेला असतो आणि तो परततो तेव्हा मुले झोपलेली असतात. पासधारकांच्या डब्यात पत्ते रंगतात, न्याहारीचे डबे उघडले जातात, सोयरिकी जमतात, व्यवहारही ठरतात. सराईतील ओटा नाहीसा झाला, पण त्याच्यावरची सोबत या डब्यात आली.

याच वाटेवरून हिऱ्यांची ये-जा चालते. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरतेत, आणि त्यांची मोठी बाजारपेठ राहिली ती मुंबईत. ही दोन टोके जोडण्याचे काम रात्रीच्या गाडीने आंगडिया करीत आला आहे. बंद पुडकी, साध्या चिठ्ठ्या, आणि लाखोंचा ऐवज. त्याच्याजवळचा माल त्याचा नसतो, नफा त्याचा नसतो. वाटेत गळाठला, लुटला गेला, तर मात्र त्याच्या पेढीचे नाव जाते. चारणाच्या शब्दाची आणि हुंडीच्या कागदाची परंपरा त्याच्या पिशवीत अजून जिवंत आहे.

ही धावपळ थांबावी, व्यापार कारखान्याच्या दारीच व्हावा, या हेतूने सुरतेत साडेचार हजारांवर कचेऱ्या असलेला हिऱ्यांचा प्रचंड बाजार उभारला गेला आणि १७ डिसेंबर २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तरीही आरंभीच्या काळात बहुतेक व्यापाऱ्यांनी मुंबईतील बिऱ्हाड मोडले नाही. गिऱ्हाईक जेथे, तेथे बाजार. आणि पिढ्यान्‌पिढ्या जुळलेली माणसे एका इमारतीने हलत नाहीत. १६४४ मध्ये हकीकतखानाने वाटसरूला उतरता यावे म्हणून सराई बांधली. २०२३ मध्ये व्यापाऱ्याला वाटसरू व्हावेच लागू नये म्हणून इमारत उभी राहिली. या दोन वास्तूंच्या मध्ये सुरतेच्या वाटेचा सारा इतिहास सामावला आहे.

त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एवढे स्पष्ट होते की, बैल गेले, इंजिन आले, कासिदाच्या जागी तार आणि तारेच्या जागी दूरध्वनी आला. वाटेवरचे एकेक भय ओसरत गेले. मात्र व्यापाराचे मूळ भांडवल जी पत, ती अजूनही माणसाबरोबरच प्रवास करते. समोरासमोर बसून दिलेला शब्द तारेने जात नाही. म्हणून कोणी तरी उठतो, पहाटेच्या अंधारात घराचे दार ओढून घेतो आणि वाटेला लागतो. पेढीच्या वहीत त्याच्या नावे आजही एकच रक्कम पडते, वाटखर्चाची. तिच्याखेरीज त्याने आणखी काय खर्चले, याचा हिशेब त्याच्या घरच्यांना ठाऊक असतो. पेढीच्या मालकाने तो अधूनमधून विचारावा, एवढी अपेक्षा त्या माणसाने बाळगली तर ती फार म्हणता येणार नाही.